उजवा हात

फिल्मचा रोल तीन आठवडे फ्रीजमध्ये होता,
लिंबं आणि आईच्या इन्सुलिनच्या मधोमध.
मे महिन्यात नागपुरात
बाहेर ठेवावं असं काही नसतं,
माणसंसुद्धा.

म्हणून संध्याकाळी साडेसहाला काढली गाडी.
म्हणजे ढकलली:
मी, खालचा भाडेकरू पोट्टा,
आणि मोहननगरहून आलेले डॉमिनिक मिस्त्री,
जे दर वेळी म्हणतात,
"बॅटरी मेली आहे, बाई. गाडीला काही बोलू नका."

स्टँडर्ड हेरल्ड, अडुसष्टची.
रंग कागदोपत्री आकाशी,
आता शंभरदा धुतलेल्या परकराचा.
दोनच दारं. मागे बसायचं तर
पुढच्याने आधी उतरायचं.
बॉनेट अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं,
मगरीसारखं, असं मी लहानपणी म्हणायची.
आई म्हणायची, हजेरीपट उघडल्यासारखं.

ती शाळा तपासायची.
काटोल, कुही, उमरेड, भिवापूर.
गाडी गावात शिरली की पोरं मागे धावत
आणि मास्तर आत घाईघाईनं फळा पुसत.
बाई गाडी चालवते हे बघायला
पारावरची माणसं उठून उभी राहत.
त्याला ती मान समजायची
की समजल्यासारखं करायची,
मी कधी विचारलं नाही.

कॅमेरा बाबांचा.
यॅशिका, दोन डोळ्यांचा, एकावर एक.
पोटाशी धरायचा, वरून आत बघायचं.
मान खाली घातल्याशिवाय काही दिसत नाही
आणि दिसतं तेही उजव्याचं डावं.

याच कॅमेऱ्यानं त्यांनी
फुटाळ्याचं पाणी काढलं,
सेमिनरी हिल्सवरचे ढग,
ए.जी. ऑफिसचं स्नेहसंमेलन, माझे पडलेले दात.
चार अल्बम भरले.
गाडी एकाही फोटोत नाही.
आहे, एकदा: माझ्या पाचव्या वाढदिवसामागे
अर्धा हेडलाइट.

ते कायम डावीकडे बसायचे, मांडीवर छत्री.
सीताबर्डीत कुणी ओळखीचं दिसलं
की घड्याळ बघायचे.

"रोल महाग असायचे गं," आई म्हणते,
मी काहीच म्हटलेलं नसताना.

बारा फोटो. पहिले चार गाडीचे,
पाचवा टपावर झोपलेल्या मांजरीचा,
सहावा चुकून माझ्या चपलेचा.
मी फडकं घेतलं तर म्हणाली,
"कायले पुसतेस? काळ्यापांढऱ्यात धूळ फुकट जाते."

मग ती बसली.
डॉमिनिकनी दाराच्या कडेला हात धरला,
तिचं डोकं लागू नये म्हणून.
लागलं नसतंच. तेवढी उंच ती आता उरलेली नाही.
तिनं आधी आरसा नीट केला,
मग पदर.

बारावा उरला तेव्हा उजेड गेला होता.
मी म्हटलं, हलू नकोस हं,
सेकंदाचा पंधरावा भाग फक्त.
मान खाली घातली.
काचेत स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला गेलं होतं
आणि आई बाबांच्या जागेवर.

मी तिथंच थांबले थोडी.
बोट बटणावर, घाम डोळ्यांत.
ते दर वेळी हे असं बघत असतील?

तेवढ्यात तिनं खिडकीतून हात बाहेर काढला,
सरळ, तळवा पुढे.
उजवीकडे वळायची जुनी खूण.
फाटकासमोर आता मेट्रोचा खांब आहे,
उजवीकडे जायचं तर
पार अजनी चौकातून फिरून यावं लागतं.
मी बटण दाबलं. हात हलला.

मागे कुणीतरी करकचून ब्रेक मारला.
डॉमिनिक मिस्त्री भर वर्धा रोडवर
एक ऑटो अडवून उभे होते.
"काहून, काका? गाडी तर बंद आहे न तुमची!"

"थांब जरा," ते म्हणाले,
"बाई वळताहेत."